दुर्गम भागाचा अपवाद

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून भामरागडकडे निघालं की वाटेत मोबाईलची रेंज जाते-येते. रस्त्यालगतच्या गावांत ती नेमकी कुठे मिळते हे लहान पोरंही सांगतात. कुठे शाळेमागचा उंचवटा, कुठे नाल्यावरच्या पुलाचा कठडा, तर कुठे एखादं ठरलेलं मोहाचं झाड. पूर्वी गावाला पाणवठा ठाऊक असे, तशी आता रेंजची जागा ठाऊक असते. संध्याकाळी तिथे पाच-सात जण जमतात. कुणी नागपुरात शिकणाऱ्या मुलाशी बोलतो, कुणी मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बहिणीशी. ज्याचं बोलणं घरातलं असतं तो फोन कानाला लावून चार पावलं बाजूला सरकतो आणि बाकीचे आपसूक पाठ फिरवतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं.

या चार पावलांनाच कायद्याच्या भाषेत खासगीपणा म्हणतात. तो शहरातल्या सुखवस्तू माणसांचा छंद आहे, पोट भरलेल्यांची चिंता आहे, असं अनेकदा ऐकू येतं. रेंजच्या जागेवर पाच मिनिटं उभं राहिलं तर हे म्हणणं टिकत नाही. माणसाला काही गोष्टी काही माणसांपुरत्या ठेवायच्या असतात आणि भोवतालची माणसं त्याचा मान राखतात. ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. दुसऱ्याच्या घरात मालकाच्या संमतीशिवाय शिरू नये, असा नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिला, तेव्हा त्या पीठावर असलेल्या नागपूरच्या शरद बोबडे यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात याच नियमाचा दाखला दिला होता.

बोलणारा माणूस मात्र चार पावलं बाजूला गेला तरी त्याचा फोन टॉवरपासून बाजूला जात नाही. टॉवर सगळं टिपून घेत असतो. तो काय टिपतो, ती नोंद कुणाच्या हाती जाते आणि जंगलातल्या माणसाला ती शहरातल्यापेक्षा वेगळी कशी भोवू शकते, ते या प्रकरणात पाहू.

टॉवरची वही

फोन नुसता चालू असला तरी तो जवळच्या टॉवरला आपली ओळख देत राहतो. सिमकार्डाचा एक क्रमांक असतो, हँडसेटचा 15 आकडी दुसरा. कॉल केला की कंपनीकडे एक ओळ लिहिली जाते: कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरवर, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या टॉवरखालून. या ओळींच्या यादीला सीडीआर म्हणतात. 'सीडीआर काढला' हे वाक्य आता तालुक्याच्या पोलीस ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतं.

इंटरनेटच्या वहीचं नाव आयपीडीआर. तिच्यातली एक ओळ जवळून पाहू. समजा, एटापल्लीतली एक मुलगी रात्री 9 वाजून 12 मिनिटांनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली. कंपनीकडे नोंद होईल: हे सिम, हा हँडसेट, हा टॉवर, इतक्या वाजता सुरू, इतक्या वाजता बंद, या पत्त्यावरून त्या पत्त्याशी संपर्क, इतका डेटा गेला, इतका आला. शेवटी आणखी एक आकडा असतो, पोर्टचा. तो का लागतो हे समजून घेण्याजोगं आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून साधारण 430 कोटी आहेत आणि फोन-संगणक त्याहून कितीतरी जास्त. म्हणून कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात. एका वाड्यात शंभर बिऱ्हाडं आणि पत्रावर फक्त वाड्याचं नाव, असा हा प्रकार. पत्र कोणत्या बिऱ्हाडाचं हे कळायला खोलीचा नंबर लागतो. पोर्ट म्हणजे तो खोलीचा नंबर. उद्या तपास यंत्रणेने विचारलं, की या क्षणी या पत्त्यावर कोण होतं, तर कंपनी या वहीतून एक नाव काढून देऊ शकते.

वहीत पत्रातला मजकूर नसतो, पाकिटावरचा तपशील असतो. आज बहुतेक वेबसाइट मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात, व्हॉट्सॲपचे संदेशही तसेच जातात. त्यामुळे कंपनीला आतलं सहसा वाचता येत नाही. पण पाकिटं वर्षभर जमवत गेलं तर आतलं पत्र न वाचताही खूप काही समजतं. एखाद्या बाईच्या फोनवरून महिनाभर मध्यरात्री मदतवाहिनीला फोन गेले, एखाद्या तरुणाचा नागपूरच्या वकिलाशी दर आठवड्याला संपर्क आहे, एखादा शिक्षक रोज एकाच वृत्तसंस्थेची साइट उघडतो. या तिघांपैकी एकाचंही वाक्य कुणी ऐकलेलं नाही, तरी तिघांबद्दल तर्क बांधता येतात आणि ते चुकूही शकतात.

ही वही किती दिवस जपायची हे कंपनी ठरवत नाही. परवान्याच्या अटी सरकार घालतं. पूर्वी मुदत किमान एक वर्ष होती, डिसेंबर 2021 मध्ये दूरसंचार विभागाने ती दोन वर्षं केली. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने वापरकर्त्याचा पत्ता झाकणाऱ्या व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. युरोपात याच प्रश्नाचं उत्तर वेगळं निघालं. सहा महिने ते दोन वर्षं अशा नोंदी ठेवायला लावणारा युरोपीय संघाचा 2006 चा निर्देश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 8 एप्रिल 2014 रोजी रद्द केला. ज्यांच्यावर कसलाही संशय नाही अशा सगळ्या जनतेच्या नोंदी सरसकट साठवणं प्रमाणाबाहेर आहे, हे त्यामागचं कारण होतं.

74 माणसं आणि एक टॉवर

हीच वही गडचिरोलीत आणि मुंबईत सारखी वाचता येत नाही.

2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 74 माणसं राहतात. मुंबई उपनगर जिल्ह्यात हा आकडा 20 हजारांच्या वर जातो. शहरातल्या टॉवरखाली एका तासात हजारो फोन येऊन जातात, त्या गर्दीत एक माणूस सहज मिसळतो. जंगलातल्या टॉवरखाली दोन-चार गावं असतात, फोन मोजकेच आणि रात्री उशिरा जागे असलेले तर बोटांवर मोजण्याइतके. तपासात 'टॉवर डंप' नावाची पद्धत वापरतात. एका टॉवरखाली ठरावीक वेळात आलेल्या सगळ्या नंबरांची यादी मागवायची आणि ती चाळायची. शहरात ही यादी जाडजूड होते. भामरागडसारख्या जेमतेम 36 हजार वस्तीच्या तालुक्यात ती इतकी छोटी असू शकते, की तिच्यातला प्रत्येक जण ओळखीचा निघावा. तिथे गर्दीचा आडोसा मिळत नाही.

आता याची उलट बाजू. शहरात टॉवर काहीशे मीटरवर असतात, म्हणून 'लोकेशन' बरंच नेमकं मिळतं. रानात एकेका टॉवरचा घेर काही किलोमीटरचा असतो. जुन्या टूजी तंत्रात तर एका टॉवरची तांत्रिक मर्यादा 35 किलोमीटरपर्यंत जाते. त्या घेरात मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारं कुटुंब असतं, गुरं हरवलेला गुराखी असतो आणि बंदूक घेतलेला माणूसही असू शकतो. वहीत तिघांचं लोकेशन एकच पडतं. त्यात घरात एकच फोन असतो आणि सिम भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या नावावर असतं. अशा ठिकाणी वही माणूस चटकन उघडा पाडते आणि चुकीचा माणूस दाखवण्याची शक्यताही तिथेच जास्त. गडचिरोलीबद्दल बोलताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात.

हे टॉवर आले तेही सरकारी निर्णयाने. केंद्राने 2014 मध्ये नक्षलग्रस्त भागांसाठी बीएसएनएलच्या 2,199 टॉवरना मंजुरी दिली. त्यावर सुरुवातीला टूजी होतं. एप्रिल 2022 मध्ये अशा 2,343 ठिकाणी फोरजी आणायचं ठरलं. गावांना ते हवं होतं आणि आजही हवं आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी बाळंतीण अडली तर डॉक्टरला विचारायला फोनच उरतो. म्हणून टॉवर नको असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न टॉवरच्या वहीचा आहे.

1885 पासून आलेली साखळी

वहीपर्यंत आणि वहीच्याही पलीकडे, म्हणजे थेट मजकुरापर्यंत, सरकार कसं पोहोचतं? सुरुवात 1885 च्या टेलिग्राफ कायद्यापासून होते. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर तारा अडवून वाचण्याचा अधिकार त्याच्या पाचव्या कलमात होता. स्वातंत्र्यानंतरही हे कलम राहिलं, पण वापराचे नियम कुणी केले नव्हते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी ही पोकळी भरली. आदेश गृहसचिवांनीच द्यावा, त्याला मुदत असावी, आढावा समिती असावी, असं न्यायालयाने सांगितलं. पुढचे सगळे नियम याच निकालावर उभे आहेत.

इंटरनेटसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 69 आणि त्याखालचे 2009 चे नियम आले. संगणकातून जाणारी कोणतीही माहिती अडवायला, पाहायला आणि कुलूप उघडून मागायला त्याने वाट करून दिली. सहकार्य न करणाऱ्या कंपनीच्या जबाबदार माणसाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 20 डिसेंबर 2018 च्या आदेशाने केंद्राने दहा यंत्रणांची नावं या कामासाठी जाहीर केली. त्यानंतर 2023 चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखाली संदेश अडवण्याचे नवे नियम 6 डिसेंबर 2024 रोजी लागू झाले. एक आदेश 60 दिवस चालतो आणि मुदतवाढ धरून 180 दिवसांपलीकडे जात नाही.

या नियमांत एक अपवाद आहे. 2009 च्या नियमांत तो होता आणि 2024 च्या नियमांतही तो कायम आहे. 'दुर्गम भागात' किंवा कामगिरीच्या निकडीमुळे गृहसचिवांचा आदेश आधी घेणं शक्य नसेल, तर राज्यात पोलीस महानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा ठरवून दिलेला अधिकारी स्वतःच आदेश देऊ शकतो. तीन कामाच्या दिवसांत त्याने वर कळवायचं आणि सात कामाच्या दिवसांत मंजुरी मिळवायची. 2024 च्या नियमांत एक चांगली भर आहे. मंजुरी आली नाही तर तोवर ऐकलेलं न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही.

दुर्गम भाग म्हणजे नेमका कोणता, याची व्याख्या नियमांत नाही. पण महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे गडचिरोलीच येते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून ती वेगळी झाली तेव्हापासून दुर्गम आणि अतिदुर्गम ही विशेषणं तिला सरकारी कागदांवर चिकटली आहेत. शिक्षकाची बदली, धान्याचा कोटा, रस्त्याचा निधी, सगळीकडे हा शब्द भेटतो. तिथे तो बहुधा सवलत देतो. पाळतीच्या नियमांत मात्र तो नागरिकाच्या वाट्याची एक पायरी काढून घेतो.

पत्राला मुंबईला पोहोचायला आठवडा लागत होता तेव्हा या अपवादाला अर्थ होता. आज कसा राहील? ज्या टॉवरवरून संदेश अडवायचा आहे, त्याच टॉवरवरून मंत्रालयात मंजुरीही मागता येते. इंटरनेट अडवायचं तर आधी इंटरनेट तिथे पोहोचलेलं असलं पाहिजे. जिथे ते पोहोचलं आहे ती जागा मंजुरीपुरती दुर्गम राहत नाही. माझ्या मते हा अपवाद काढून टाकण्याची वेळ आली आहे. निकडीसाठी वेगळी, कडक अट ठेवता येईल. भूगोलासाठी ठेवायचं कारण उरलेलं नाही.

गडचिरोलीच्या न्यायालयात

मेमरी कार्ड, हार्ड डिस्क आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या फायली यांवर महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला खटला गडचिरोलीच्याच सत्र न्यायालयात चालला. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या घराची सप्टेंबर 2013 मध्ये झडती झाली आणि संगणकाचं साहित्य जप्त झालं. त्याआधी ऑगस्टमध्ये अहेरीत एका विद्यार्थ्याकडून मेमरी कार्ड मिळाल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. आरोपींत गडचिरोलीच्या खेड्यांतले आदिवासी तरुणही होते. 7 मार्च 2017 रोजी सत्र न्यायालयाने साईबाबांसह पाच जणांना जन्मठेप आणि सहाव्याला दहा वर्षांची शिक्षा दिली.

अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. एकदा ऑक्टोबर 2022 मध्ये सुटकेचा निकाल लागला, तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून फेरसुनावणी करायला सांगितलं. न्यायमूर्ती विनय जोशी आणि वाल्मिकी मेनेझिस यांनी 5 मार्च 2024 रोजी सगळ्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. त्या सहांतला एक आदिवासी तरुण त्याआधीच, ऑगस्ट 2022 मध्ये, कैदेत असताना वारला होता. शिक्षेला बरोबर सात वर्षं झाली त्या दिवशी, 7 मार्च 2024 रोजी, साईबाबा नागपूरच्या कारागृहातून व्हीलचेअरवरून बाहेर आले आणि त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला हैदराबादेत त्यांचं निधन झालं.

या निकालातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली, डिजिटल पुरावा जप्त करण्याची रीत. कागदावर शाई असते, खाडाखोड दिसते. फाईल बदलली तर तिच्यावर ओरखडा उठत नाही. म्हणून जप्तीच्या वेळीच तिचा 'हॅश' काढतात. फाईलमधल्या सगळ्या माहितीवर गणित करून एक लांबलचक आकडा काढला जातो. आत एक स्वल्पविराम बदलला तरी पुढच्या वेळी तो आकडा पूर्ण वेगळा येतो. पोत्याच्या तोंडाला लाखेची मोहर लावावी, तसा हा प्रकार. मोहर वेळेवर लागली नाही, तर आतलं धान्य तेच आहे हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. साईबाबांच्या घरच्या जप्तीला निरक्षर माणूस पंच म्हणून घेतला होता. विद्यापीठाच्या आवारात शिकलेली माणसं हाताशी असताना असं का केलं, असं न्यायालयाने विचारलं आणि ही जप्ती विश्वासार्ह मानली नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. इंटरनेटवर माओवादी विचारांचं साहित्य, अगदी हिंसेच्या चित्रफितीसुद्धा, कुणालाही मिळतात. ते उतरवून घेतलं किंवा त्या विचाराबद्दल सहानुभूती वाटली म्हणून गुन्हा होत नाही, एखाद्या कृत्याशी त्या माणसाचा संबंध पुराव्याने जोडावा लागतो, असं खंडपीठाने म्हटलं. वही फक्त वाचनाची साक्ष देऊ शकते. कृत्य वेगळं सिद्ध करावं लागतं.

वहीच्या पलीकडचा प्रकार 2019 मध्ये उघड झाला. इस्रायली कंपनी एनएसओच्या पेगॅसस या हेरगिरीच्या साधनाने आपल्या वापरकर्त्यांवर हल्ला झाल्याचं सांगत व्हॉट्सॲपने ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेत दावा लावला. जगात सुमारे 1,400 आणि भारतात 121 जण त्या यादीत होते. त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते आणि गडचिरोलीतले एक वकीलही. पेगॅसस थेट फोनमध्येच शिरतं, इंटरनेट कंपनीची वही किंवा संदेशाचं कुलूप त्याच्या आड येत नाही. एनएसओचं म्हणणं असं, की ती फक्त सरकारांनाच हे साधन विकते. आपल्या सरकारने सुरक्षेचं कारण देऊन सर्वोच्च न्यायालयात तपशीलवार प्रतिज्ञापत्र द्यायला नकार दिला. न्यायालयाने नेमलेल्या समितीने 29 फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं हे सिद्ध झालं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, असं समितीने नोंदवल्याचं ऑगस्ट 2022 मध्ये सरन्यायाधीशांनी न्यायालयात सांगितलं.

वकिलाचा फोन हा त्याच्या अशिलांचाही फोन असतो. कोर्चीच्या किंवा सिरोंच्याच्या माणसाला वकील गाठायचा तर शंभर-दोनशे किलोमीटर जावं लागतं. फोनवर मोकळेपणाने बोलता आलं नाही, तर त्याचा बचावाचा हक्क तिथेच निम्मा होतो.

खबरीचा शिक्का

पाळतीची गरज नाकारून ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. 1 मे 2019 रोजी कुरखेड्याजवळ जांभूळखेडा इथे माओवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा चालक ठार झाले. त्यांतले कित्येक याच भागातल्या घरांतले होते. अशा हल्ल्याची कुणकुण फोनवरच्या बोलण्यातून आधी लागत असेल, तर ती लागलीच पाहिजे. बेपत्ता मुलगी शोधताना, ओटीपी विचारून म्हाताऱ्याची पेन्शन लुटणारा पकडताना सीडीआर कामी येतो. पोलिसांच्या हातून हे साधन काढून घ्या, असं मी म्हणत नाही.

पण या जिल्ह्यात नजर एकाच बाजूची नव्हती. माओवाद्यांनी टॉवर जाळले, फोन बाळगणाऱ्यांवर संशय घेतला, 'पोलिसांचा खबरी' असा शिक्का मारून आदिवासींना ठार केलं. इकडे पोलिसांच्या लेखी तोच माणूस 'त्यांना' जेवण देणारा ठरू शकत होता. ज्या प्रदेशात कोण कुणाशी बोलला यावरून जीव गेले आहेत, तिथे ही वही म्हणजे स्फोटक वस्तू आहे. ती फुटली, विकली गेली, चुकीच्या हाती पडली तर शहरात अब्रू जाते, इथे जीव जाऊ शकतो. आणि अशा वह्या विकल्या गेल्या आहेत. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकणारी टोळी उघडकीस आणली. अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेर होते आणि पोलीस दलातला कर्मचारीही होता.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. चाळीस-एक वर्षांची हिंसा ओसरत असताना, तिच्या नावाने आलेल्या अधिकारांचा हिशोब मांडायलाच हवा. असे अधिकार आपण होऊन मावळत नाहीत. 1885 चं कलम नव्या कायद्यात नव्या नावाने नांदतंच आहे.

एक मिनिटाचा आढावा

सगळी भिस्त आढावा समितीवर आहे. राज्यात मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव मिळून ती होते. न्यायाधीश तिच्यात नसतो. दोन महिन्यांतून एकदा ती बसते. केंद्राकडून महिन्याला सरासरी 7,500 ते 9,000 फोन अडवण्याचे आदेश निघतात, असं माहिती अधिकारात उघड झालं होतं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात दाखवून दिलं, की अशाने केंद्राच्या आढावा समितीपुढे एका बैठकीत 15 ते 18 हजार आदेश येतात. दर आदेशाला एक मिनिट दिलं तरी 15 हजारांना 250 तास लागतात. रोज आठ तास बसलं तरी महिना उलटेल.

समितीच्या पुढे नागरिक कधी येतच नाही, कारण आपल्यावर पाळत होती हे त्याला पाळत संपल्यावरही कळवलं जात नाही. आदेशांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचे असतात, त्यामुळे नंतर दाद मागायलाही काही उरत नाही. ज्यांना कळतं त्यांना बहुधा खटल्यामुळे कळतं. मुंबई उच्च न्यायालयाने 22 ऑक्टोबर 2019 रोजी विनित कुमार प्रकरणात फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. लाचखोरीचा आरोप गंभीर असला तरी सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेची अट तिथे पुरी होत नव्हती. न्यायालयाने ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. आरोपपत्र नसतं तर हे आदेश कधी कुणापुढे आलेच नसते.

कंपन्यांनाही इथे जबाबदारी आहे. खासदार अमर सिंह यांचा फोन एका बनावट पत्रावर टॅप झाला होता. त्या पत्रात चुकाच चुका होत्या. असा आदेश पाहून सेवापुरवठादाराने तो खरा आहे का हे विचारायला हवं होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सुनावलं. पण नकार दिला तर कैद आणि विचारणा केली तर परवान्याची धास्ती, अशा जागी बसलेल्या कर्मचाऱ्याकडून फार धैर्याची अपेक्षा ठेवता येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कंपन्यांवर संमतीची बंधनं घातली. त्याचे नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मात्र सुरक्षेच्या कारणाने कोणत्याही सरकारी यंत्रणेला त्यातून पूर्ण सूट देण्याची मुभा त्याच कायद्याने केंद्राला दिली आहे.

टीपी कुणाच्या हातात

धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंड गाव आहे, लेखाशेजारचं म्हणून मेंढा-लेखा. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात आला, पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. सगळे त्याला 'टीपी' म्हणतात. त्याचं पुस्तक वन खात्याकडेच होतं. मालकी गावाची आणि नोंदवही दुसऱ्याची, असा तो पेच. गाव अडून बसलं. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून या गावचा किती बांबू कुठे गेला, ते ग्रामसभा लिहिते. ते सगळ्या गावाला वाचता येतं.

डेटाची वही अशी गावाच्या हाती देता येणार नाही, हे उघड आहे. गुन्हेगाराला आधी कळवून पाळत ठेवता येत नाही. तरीही मेंढ्याने जे मागितलं त्यातलं बरंच मागता येतं. आदेशावर सही करणाऱ्यांत एक न्यायाधीश असावा. पाळत संपल्यावर, तपासाला धोका नसेल तेव्हा, त्या माणसाला कळवावं. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून किती आदेश निघाले आणि किती समितीने नाकारले, एवढे दोन आकडे जाहीर करावेत. आकडा सांगितल्याने कुठलीही मोहीम फसत नाही. इंटरनेट बंद ठेवण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितलंच आहे. आणि नियमांतून दुर्गम भागाचा अपवाद वगळावा.

या जिल्ह्यातल्या ग्रामसभा, त्यांना अधिकार देणाऱ्या पेसा आणि वनहक्क कायद्याचे कागद वाचायला शिकल्या आहेत. कुणी जंगलात यायचं, काय न्यायचं, कुणाला विचारून न्यायचं, यावर रात्र रात्र बसून त्यांनी ठराव केले आहेत. संमती म्हणजे काय, हे त्यांना बाहेरच्याने समजावण्याची गरज नाही. टॉवर उभा करायला गावाची जागा लागते तेव्हा ग्रामसभेपुढे विषय येतो. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला जाऊ शकतो: हा टॉवर आमच्याबद्दल काय लिहून ठेवणार, किती दिवस आणि ते कुणाकुणाला दाखवणार? आज या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणताही अधिकारी कायद्याने बांधलेला नाही. टीपीच्या पुस्तकासाठीही तेव्हा कुणी बांधलेलं नव्हतं. गाव विचारत राहिलं.